व्हार्निशचा तिसरा हात

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही हात कोपरापर्यंत निळे असल्यामुळे नमस्कार लांबूनच. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी बजावूनही तू गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस, हे मला कळलंय. (कुणी सांगितलं ते विचारू नकोस, आतोबांनी शपथ घातलीय.) मी मजेत आहे. बाण रंगवायचं काम बरं चाललंय. लोकांना वाटतं, लाकडी काडीला रंग लावायला काय लागतं? एकदा येऊन बघा म्हणावं. काडी रंग प्यायली की तिचे तंतू उभे राहतात, मग पॉलिश पेपर घेऊन घासत बसा, पुन्हा रंग, पुन्हा घासणं, आणि जेवताना भाताचाही रंग बदलतो तो वेगळाच.

आमच्या तिरंदाजी क्लबात बाणावर नाव घालत नाहीत, ज्याचा त्याचा रंग हीच ओळख. यंदा घड्याळवाल्या काकांनी हिरवे बाण मागितले आणि त्यांच्या मुलीने निळे. ही मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते, बोलते कमी. पण रंगाचा नमुना उन्हात धरून ती नुसतं 'असाच' म्हणाली, आणि मला माझा धंदा एकदम आवडायला लागला. काकांच्या बाणांना मी व्हार्निशचे रीतसर दोन हात दिले. तिच्या बाणांना तीन. (का, ते तू ओळखलंच असशील.) आता व्हार्निश पडलं पिवळट. निळ्यावर दोन हात कसेबसे खपतात, तिसऱ्याने माझी पार वाट लावली. सामन्याच्या दिवशी सकाळी पाहतो तर तिचेही बाण हिरवेगार, थेट काकांसारखे. नवे करायला वेळ कुठला?

नेमके बापलेकच अंतिम फेरीत पोचले. शेवटचे बाण दोघांनी एकदम सोडले. एक निशाण्याच्या मधोमध, दुसरा कडेला पेंढ्यात, आणि दोन्ही हिरवे. काका म्हणाले, मधला माझा. पंचांनी मला पुढे बोलावलं. मी दोन्ही बाण हातात घेतले, डोळे मिटून बोट फिरवलं आणि सांगितलं, "मधला तिचा. याला व्हार्निशचे तीन हात आहेत." काकांचा चेहरा पडला. त्यांच्या बाणांना दोनच का, असंही त्यांनी विचारलं, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. कप तिला मिळाला. माझ्या बोटांचं कौतुक अजून चाललंय. आपल्या घराण्यात कुणी खोटं बोलत नाही, असं तू नेहमी सांगतेस, त्याचा मला त्या क्षणी फार आधार वाटला.

औषधं वेळेवर घे, आणि आतोबांवर रागावू नकोस.

तुझा (निदान इथवर तरी) लाडका भाचा

ता. क. मधल्या बाणाला दोनच हात होते.

आणखी एक ता. क. काल ती माझ्याकडे आली. कप आणि तो बाण टेबलावर ठेवला, बाणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा बाबांचा आहे. त्यांना हे तू सांगायचंस." मी मान खाली घातली. दारापर्यंत जाऊन ती वळली. "आणि माझ्या बाणांना तिसरा हात का दिलास, तेही सांग."

आत्या, रविवारी येतेस का? काका शाळेत तुझ्या हाताखाली शिकले, अजून तुझं नाव निघालं की ताठ बसतात. दुसरी गोष्ट माझी मी सांगेन. पहिली तेवढी तू सांग.