सिंथेसायझर दुरुस्त होईपर्यंत

बॅलरॅट, मंगळवार

प्रिय नेरिडा,

फोनवर रोज बोलतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझ्यामागून मर्वच्या हाका ऐकू येतात आणि मी सांगायचं ते सोडून त्याच्या गोळ्यांबद्दलच बोलायला लागते. म्हणून कागद घेतला.

हे सिंथेसायझरचं ओझं मी हट्टानं बेटावरून समुद्रापार आणलं असं तुला वाटतं. असेलही. पण आठव ना, बर्नीच्या कागद गिरणीतल्या नाचाच्या कार्यक्रमांना तू पिवळा झगा घालून गायचीस आणि मी या यंत्रामागे उभी असायचे. मर्व पहिल्यांदा भेटला तोही त्याच्यामुळेच. लाकडाचा ट्रक रस्त्यात तसाच सोडून तो धावत आला आणि म्हणाला, "बाई, एवढं जड धूड एकटी उचलतेस? कंबर मोडायचीय का?" तेव्हाचे त्याचे हात मला अजून दिसतात. आता, त्या झटक्यानंतर, त्याला उजव्या हातानं चमचाही धरता येत नाही, आणि त्यात माझ्या नवऱ्याचा दोष नाही, हे मी रोज स्वतःला सांगते.

गेल्या हिवाळ्यात यंत्र बिघडलं. पट्टीवरून बोट उचललं तरी सूर थांबेना. डेव्हनपोर्टच्या डॅरिलकडे दिलं, तर चार महिने तेच: "झालंच समज, ग्वेन, पुढच्या आठवड्यात ये." प्रत्येक खेपेला शेजारच्या आयव्हीला मर्वपाशी बसवून मी जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. शेवटी यंत्र मिळालं, पण आवाज पातळ झालेला. मागचं झाकण काढून पाहिलं तर आतले मूळ भाग गायब, त्यांच्या जागी कसलेतरी स्वस्तातले बसवलेले, कथलाचा डाग दिलेली जागा गांधीलमाशीच्या पोळ्यासारखी. विचारलं, तर म्हणतो, "जुन्या यंत्रात एवढा जीव अडकवू नये, ताई." मी भांडलेसुद्धा नाही. आयव्हीची वेळ संपत आली होती. होबार्टचा दुसरा एकजण फोनवरच हसला. म्हणाला, "हे सगळे आवाज आता मोबाइलमध्ये येतात. तुमचं धूड संग्रहालयाला देऊन टाका."

हालिनाबाईंचं नाव मला चर्चमधल्या ऑर्गनवाल्यानं दिलं. इथं बॅलरॅटमध्ये राहणारी, सत्तरी उलटलेली पोलिश बाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काम केलेली, आता घरामागच्या शेडमध्ये जुनी वाद्यं दुरुस्त करते. कुरियरनं पाठवू का विचारलं तर माझ्यावर ओरडलीच. "वाद्य म्हणजे काय बटाट्याचं पोतं आहे? स्वतः घेऊन ये. कसं वाजायला हवं ते तूच सांगायचंस, मला काय स्वप्न पडणार आहे?" म्हणून तुला टाउन्सविलहून मर्वपाशी राहायला बोलावलं. चार दिवसांसाठी.

तिनं झाकण उघडलं आणि दिवा जवळ ओढला. आतली बॅटरी पाझरून तिच्या रसानं तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकल्या होत्या. डॅरिलनं ते पाहिलं असणार, पण वरून पुसून ठेवून दिलं. हालिनानं काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून वर नाव लिहिलं आणि पाकिटं माझ्या हातात दिली. "हे तुझं आहे. खराब असलं तरी तुझंच आहे." मला वाटलं होतं, ती गोड बोलून धीर देईल. तसलं काही नाही. "दहा वर्षं चालेल. त्यापुढचं मी बोलत नाही, तूही बोलू नकोस," एवढंच. नेरिडा, कोणीतरी खरं बोललं की माणसाला किती हलकं वाटतं!

मग तिनं मला वाजवायला बसवलं. मी हेडफोन लावला तो नेहमीसारखा, एक कान उघडा ठेवून. घरी मर्व दुपारी झोपतो तेव्हा मागच्या खोलीत मला चाळीस मिनिटं मिळतात. ती अशीच, एका कानानं. तुला हे ठाऊक नव्हतं. हालिना जवळ आली आणि तिनं तो दुसरा कान झाकून टाकला. "इथं तुला कोणी हाक मारत नाही." बस, इतकंच म्हणाली. मी किती वेळ वाजवलं कोण जाणे. थांबले तेव्हा चहा थंड झाला होता आणि माझी मान भिजली होती. रडले होते, हे मलाच उशिरा कळलं.

हे सगळं गेल्या बुधवारी झालं.

हो, बुधवारी. त्याच संध्याकाळी तुला फोनवर म्हटलं की जपानहून एक सुटा भाग यायचा आहे. तसला कुठलाही भाग यायचा नव्हता. यंत्र तयार होतं, गाडीत ठेवलेलं होतं. शुक्रवारी जिलाँगच्या धक्क्यावर गेलेसुद्धा. सकाळची बोट होती, तिकीट हातात होतं, पुढच्या गाड्या एकेक करून आत जात होत्या. माझा नंबर आला तेव्हा मला गिअर टाकता येईना. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. शेवटी खाकी जाकिटातला पोरगेला कर्मचारी खिडकीशी वाकून म्हणाला, "काकू, जायचंय की नाही?" मी नाही म्हटलं. मला वाटतं, गेल्या तीन वर्षांत मी कोणालाही नाही म्हटल्याची ती पहिलीच वेळ. गाडी वळवून मी इथं परत आले. हालिनानं काही विचारलं नाही, मागची खोली उघडून दिली.

तू चिडशील. चीड. तू तिथं त्याला उचलतेस, धुतेस, तो तुला ग्वेन म्हणून हाका मारतो, आणि मी तुला भाग यायचाय म्हणून सांगते. मला त्याचा राग येत नाही गं, आला असता तर सोपं होतं. त्या घराची नुसती आठवण झाली तरी मी एक कान उघडा ठेवायला लागते. तू दोनदा सुचवलंस की आठवड्यातले दोन दिवस त्याला डे-केअरला पाठवू, आणि दोन्ही वेळा मी तुझ्यावर खेकसले. आता मी हो म्हणते. पण त्याला ते सांगताना तू माझ्याशेजारी हवीस. तो रडेल, आणि एकटी असले तर मी शब्द मागे घेईन. मी स्वतःला ओळखते. रविवारच्या सकाळच्या बोटीचं तिकीट काढलंय. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल, मग मला पुन्हा मागे फिरता येणार नाही; तेवढ्यासाठीच लिहिलंय. रविवारी सकाळी सात वाजता मला फोन कर, मर्वच्या गोळ्यांचं एक अक्षर बोलू नकोस, आणि माझी गाडी बोटीच्या पोटात शिरेपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझीच, खोटं बोललेली,
ग्वेंडा