पेठगल्लीची घरपट्टी

१२ ऑगस्ट १९४३
मानवत रोड स्टेशनावर उतरलो तेव्हा पाऊस उघडला होता. बैलगाडीनं कसब्यात पोचेपर्यंत अंगावरचे कपडे वाळलेसुद्धा. टाऊन कमिटीच्या कचेरीत चेअरमन आबासाहेबांनी स्वतः चहा मागवला आणि माझ्याकडं बोट करून, नवा कारकून, भुजंगराव, चांगल्या घरचा दिसतो असं सगळ्यांदेखत म्हणाले. ऑक्टोबरात नवं फसली साल लागायच्या आत कसब्याचं अंदाजपत्रक करून द्यायचं, हे माझं पहिलं काम. परभणीत नुसत्या नकला उतरवत होतो. इथं स्वतःची खुर्ची आहे, खिडकी आहे, बाहेर लिंबाचं झाड आहे. घर मिळालं की बोलावतो, असं बायकोला, धुरपताला, कळवलं.

१५ ऑगस्ट
घरपट्टी घटायलीय आणि कारण एकच, पेठगल्ली. मागच्या प्लेगात तिथली माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. प्लेग गेला, माणसं परतली नाहीत. बंद घराला पट्टी माफ, आणि गावातली मोठी घरं तर तीच. रस्त्यावरच्या कंदिलांचं तेल कधीच बंद झालंय. आता झाडूवाल्यांचा पगार तोडायचा की दवाखान्यातली औषधं, एवढंच ठरवायचं उरलंय. मी म्हणालो, दोन्ही कशाला तोडायचं, माणसंच परत आणू. आबासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

१७ ऑगस्ट
माळावर जाऊन आलो. झोपड्या गळताहेत, पोरं खोकताहेत. महालिंग म्हणून कापडाचा व्यापारी आहे, त्यानं बसायला पोतं टाकलं. त्याची तरणी बायको चन्नबसम्मा भिजलेल्या गोवऱ्या निवडत होती. एवढं दगडी घर सोडून इथं का, मी विचारलं.

"घर आमचंच हाय साहेब," महालिंग म्हणाला, "पण तिथं आता आमाला जागा न्हाई."

त्याची आई सिद्धम्मा प्लेगात त्या घरात वारली. घरटी असंच कोणीतरी गेलेलं. त्यांच्या भीतीचं मला हसू आलं. परत न आल्यास घर जप्त, अशी नोटीस आबासाहेबांच्या सहीनं काढली आणि पहिली महालिंगालाच दिली.

लोकांची भीती मोडावी म्हणून मी स्वतःही त्याच गल्लीत घर घेतलं. आडत्या किशनरावांचं. ते आणि त्यांची बायको कस्तुराबाई दोघंही प्लेगात गेले, मागं कोणी नाही. सगळी गल्ली म्हणे त्यांच्या शब्दावर चालायची. माळावर चला, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

२४ ऑगस्ट
धुरपता आली. घर तिला फार आवडलं. मोठं स्वयंपाकघर, परसात आड. तिनं भजी तळली. समोरच्या घरात महालिंग आणि चन्नबसम्मा राहायला आले. महालिंगानं पट्टी भरली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

१ सप्टेंबर
आणखी काही घरं उघडली. अंदाजपत्रकाची तोंडं जुळायला लागली.

चन्नबसम्मा कमरेत वाकून चालायलीय. आधी वाटलं, उसण भरली असेल. आज तिनं नवऱ्याला "लेकरा" म्हणून हाक मारली, आवाज म्हातारीचा. महालिंग ओट्यावर बसून होता. डॉक्टरला बोलावू का, म्हणालो.

"आई आली," तो म्हणाला. "चन्नबसम्मा कुठं गेली, ते मातर मला इचारू नका."

रडला नाही. मलाही काही वाटलं नाही. कचेरीत जाऊन जमेच्या बाजूला त्याची पट्टी धरली.

८ सप्टेंबर
धुरपताला हाक मारली. तिनं वर बघितलं नाही. दारावरून जाणाऱ्या एका बाईनं घाबरत घाबरत "कस्तुराबाई?" म्हटलं, तर ही म्हणाली, "ओ."

घाबरायला हवं होतं. मी जेवलो. भाकरी तव्यावरची होती, बोटांना पोळली नाही.

११ सप्टेंबर
आबासाहेबांना सांगितलं, पेठगल्ली बंदच राहू द्या, पट्टी कमी धरू, माझा पगार तोडा. ते म्हणाले, ठराव झालाय, उरलेल्यांनाही नोटिसा गेल्या. मग माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. आवाज का बसलाय, विचारलं. तंबाखू कधीपासून खाता, विचारलं.

मी तंबाखू खात नाही. गालात तंबाखू होती.

१४ सप्टेंबर
तिला गाडीत घालून स्टेशनाकडं निघालो. वेशीपाशी उतरली. "धनी, घर उघडं टाकून कुठं जायलाव?" — आणि चालत मागं फिरली. गाडीवाला माझ्याकडं बघत होता. मीही उतरलो. का, ते माहीत नाही.

१६ सप्टेंबर, सकाळ
माळावर जातो. एवढंच सांगायचं. येऊ नका. जप्त झालं तर होऊ द्या. येऊ नका. वाटेनं घोकत जाईन.

१६ सप्टेंबर, दुपार
सांगितलं. येऊ नका म्हणालो. नक्की म्हणालो —

सगळे उठून उभे राहिले. म्हातारा आश्रुबा रडत पाया पडला. किशनराव, तुमी जा म्हनलाव म्हनून आमी जगलो, म्हणाला. आता तुमी चला म्हनताव तर —

मी "नाही" म्हणालो. तोंड हललं. कानावर आलं ते "चला घरी".

गाठोडी बांधायलेत. पोरं आधीच पळत सुटली. आनंदानं —

१७ सप्टेंबर
गाड्या गल्लीत शिरल्या. दारं उघडल्याचे आवाज —

कस्तुरा चूल पेटवायलीय. कस्तुरा नाही. हिचं नाव — परभणीहून आली होती, भजी —

बाहेर कोणीतरी हाक मारतंय. किशनराव म्हणून. ओ द्यायची नाही. मी किशनराव नाही. मी भु