समासातली टीप

६ जानेवारी, सोमवार

मालकांनी आज आम्हा दोघांना आत बोलावलं. मला आणि जुळारीभाऊंना. छपाई निम्म्यावर आली, आता प्रेसची वेबसाइट काढायची, म्हणाले. "बाहेरचा माणूस कशाला? तुम्हा दोघांना शिकायला घालतो. पाच आठवड्यांचा वर्ग आहे. मग ज्याला जमेल त्याने ती सांभाळायची."

आणि ज्याला जमणार नाही त्याने? हे विचारायची माझी छाती झाली नाही. भाऊंनीही विचारलं नाही. बावीस वर्षं शेजारीशेजारी बसतो आम्ही. ते अक्षरं जुळवतात, मी त्यातल्या चुका काढते. पूर्वी शिशाचे खिळे होते, आता संगणक आहे, पण काम तेच. आज पहिल्यांदाच एकमेकांकडे न बघता बाहेर पडलो.

भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

७ जानेवारी, मंगळवार

पहिला वर्ग. शिकवणारी माझ्या मुलीपेक्षा लहान. मी मनात तिचं नाव मास्तरीण ठेवलं. मला "काकू" म्हणते, भाऊंना "काका". वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं, आम्ही दोघंच चाळिशीचे चष्मे लावून.

शिकले ते एवढंच — पानावरच्या प्रत्येक गोष्टीला टॅग लावायचा. कोनी कंसात नाव लिहून टॅग उघडायचा, काम झालं की तिरकी रेघ घालून बंद करायचा. "उघडला तो बंद केलाच पाहिजे!" मास्तरीण तीनदा म्हणाली. मी म्हटलं, दार उघडं टाकून जायची सवय मला नाही. सगळे हसले. तेवढ्यापुरती भीती गेली.

९ जानेवारी, गुरुवार

इथे तरी खरं लिहावं. या पानाशिवाय कुणाला सांगू?

माझ्या डाव्या डोळ्याच्या मधोमध एक राखाडी डाग आहे. चार महिने झाले. बघावं तिथेच नेमका तो बसतो. शब्दाची कड दिसते, पोट दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उजवा जपायचा. एक चौकटींचा कागद दिलाय, गणिताच्या वहीसारखा, मध्ये एक टिंब. रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचं. "उजव्या डोळ्याला एक जरी रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नाही."

कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, साड्यांच्या मागे. ह्यांना सांगितलं नाही. ह्यांना सांगणं म्हणजे गावभर दवंडी. आणि प्रेसमध्ये कळलं तर? डोळे गेलेली मुद्रितशोधक! गळा बसलेल्या गवयाला निदान शिकवण्या तरी मिळतात.

आज उजव्या डोळ्याला सगळ्या रेघा सरळ.

१४ जानेवारी, मंगळवार

फजिती. एक टॅग बंद करायचा राहिला आणि पुढचं सगळं पान ठळक झालं, शेवटच्या शब्दापर्यंत. शोध शोध शोधलं. कंस, नाव, कंस... सगळं तर आहे! तिरकी रेघच नव्हती. डाग नेमका तिच्यावर बसला होता.

भाऊंनी मागून बोट ठेवलं, "इथे, बाई." बावीस वर्षांत त्यांनी माझी चूक काढायची ही पहिली वेळ.

"असू द्या," म्हणाले वर. हे त्यांचं पालुपद आहे. प्रुफात मी एखादा शब्द चुकून खोडला आणि मग तोच बरोबर निघाला, तर त्याच्याखाली टिंबं देते आणि समासात लिहिते, असू द्या. म्हणजे खोडलंय ते खोडू नका, राहू द्या. ते वाचून वाचून भाऊंच्या तोंडी ते इतकं बसलंय की चहा सांडला तरी असू द्या, पावसात भिजले तरी असू द्या!

१८ जानेवारी, शनिवार

आज वर्गात ग्रिड. पान आखायचं, उभे स्तंभ, आडव्या ओळी, मग मजकूर त्यात बसवायचा. मास्तरणीने पडद्यावर चौकटी काढल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या रेघा मध्ये वाकल्यात."

सगळे वळून बघायला लागले. "सरळच आहेत की, काकू."

तेवढ्यात भाऊ म्हणाले, "मलाही वाकड्याच दिसतात. पडदा जुना असेल." कुणी तरी हसलं. ते मला टोमणा मारत होते का? बोलताना चेहरा सरळ होता. त्यांचा चेहरा सरळ असला की मला जास्त भीती वाटते.

बाहेर जाऊन डावा डोळा झाकून खिडकीचे गज पाहिले. सरळ. पुन्हा पाहिले. सरळ. मग आत गेले.

२१ जानेवारी, मंगळवार

भाऊ माझ्यावर पाळत ठेवतात. नक्की! स्वतः काही टाइप करत नाहीत. उजवा हात खिशात घालून माझ्या पडद्याकडे बघत बसतात. "तुम्ही करा बाई, मी बघतो." बघतो म्हणजे काय? माझ्या चुका मोजता?

चहाही सोडलाय म्हणे. दिवसाला सहा कप पिणारा माणूस! मालकांच्या नजरेत भरायला आता नवी शिस्त दिसते.

२५ जानेवारी, शनिवार

आज शिकलेलं लिहिताना हात जड झालाय.

पानावर चित्र टाकलं की त्याच्या टॅगमध्ये चित्राचं वर्णन लिहायचं. ते पानावर दिसत नाही. मी विचारलं, मग कुणासाठी? "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, काकू. त्यांचा संगणक पान मोठ्याने वाचून दाखवतो." आणि तिने ऐकवलं. वर्णन न लिहिलेलं एक पान होतं. तो यंत्राचा आवाज म्हणत गेला — चित्र. चित्र. चित्र. चित्र.

बाकीच्यांना गंमत वाटली. मी टेबलाची कड धरून बसले. माझं पुढचं आयुष्य कुणी तरी आधीच वाचून दाखवत होतं.

मग प्रेसच्या फोटोचं वर्णन लिहायला घेतलं. "जुनं छपाईयंत्र. डावीकडे मोठं चाक, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. मागच्या खिडकीला एक काच नाही, तिथे पुठ्ठा लावलाय." मास्तरीण म्हणाली, केवढं लांब, काकू! एक ओळ पुरे. मी म्हटलं, ज्याला दिसत नाही त्याला एका ओळीत कसं पुरेल? ती म्हणाली, बरं, ठेवा.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज एक माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट मिळाली! कॉमेंट. कोनी कंस, उद्गारचिन्ह, दोन आडव्या रेघा. त्यापुढे काहीही लिहा, पानावर येत नाही. "आपल्यासाठीच्या टिपा," मास्तरीण म्हणाली. "हे असं का केलं, पुढे काय तपासायचं."

म्हणजे समास! प्रुफाच्या समासात बावीस वर्षं मी काय काय लिहिलंय. "लेखक झोपेत होते काय?" "हे वाक्य कुठे संपतं ते लेखकाला तरी माहीत आहे का?" समासातलं कधी छापलं जात नाही. हा धंद्याचा पहिला नियम.

प्रेसच्या साइटचं "आमच्याविषयी" हे पान माझ्याकडे, "छपाईचे नमुने" भाऊंकडे. आता सगळ्या पानात टिपा घालते आहे. जिथे चुकायची भीती, तिथे खूण. खूप धीर आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काम होत आलं. मालक उभे राहून बघून गेले. "वा!" म्हणाले. कुणाला वा, ते कळलं नाही. कोण राहणार ते पुढच्या मंगळवारी सांगणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरीण स्वतः प्रेसमध्ये आली आणि साइट चढवली. एक बटण दाबलं आणि गेली, जगात! पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवलाय. मालकांनी पेढे नाहीत पण बिस्किटं वाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

माझं काही खरं नाही.

शेवटचा वर्ग. मास्तरीण म्हणाली, आता दुसऱ्यांचं बघून शिका. एका मोठ्या दुकानाचं पान उघडलं, माऊसची उजवी कळ दाबली, यादीतून "पानाचा स्रोत" निवडला. आणि सगळं आलं. टॅग, रंग, मापं... आणि टिपा. समासातल्या टिपा, अक्षरन् अक्षर! कुणी तरी आपल्या सोबत्यासाठी लिहिलेलं, "हे कुठल्या गाढवाने केलं?" वर्ग खो-खो हसला.

"म्हणजे हे कुणालाही दिसतं?" मी विचारलं.

"कुणालाही, काकू. बघणारा पाहिजे फक्त."

माझ्या पानात, तेराव्या ओळीखाली, माझी टीप आहे. पाठ आहे मला. "ही ओळ दोनदा तपासणे. डाव्या डोळ्याला मधलं अक्षर दिसत नाही. चार महिने झाले. घरी आणि प्रेसमध्ये माहीत नाही, कळू देऊ नये."

कळू देऊ नये! आणि ते मी जगाला टांगून ठेवलंय, गुरुवारपासून.

सगळे हसत होते. भाऊ हसले नाहीत. माझ्याकडेच बघत होते.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रेस बंद. किल्ली भाऊंकडे. घरी संगणक नाही. मास्तरणीला फोन करावा तर काय सांगू? कुठली ओळ, का काढायची, विचारेल. दोनदा नंबर लावला, दोनदा तोडला.

ह्यांनी आज कहर केला. शेजारच्यांना बोलावून फोनवर साइट दाखवली. "हे पान आमच्या हिने केलंय! या वयात!" आणि पान वरखाली करताना इथे दाब, तिथे दाब. ते दाबत होते आणि माझा जीव खालीवर होत होता. शेजारीण म्हणाली, "तुमची नजर भारी हो, एक चूक नाही." मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि मोरीत उभी राहून रडले.

सकाळचा कागद — उजव्याला सरळ. पण किती वेळा पाहिला! पाहून पाहूनच वाकेल एखादी रेघ.

१० फेब्रुवारी, सोमवार

आठला पोचले. अर्धा तास आधी. शटर वर होतं. भाऊ संगणकासमोर बसलेले! मला बघून घाईने उठले. "बसा, बाई."

पान उघडलं, स्रोत उघडला. तेरावी ओळ. तिच्याखाली... काही नाही. डाग असेल म्हणून डावा डोळा झाकून पाहिलं. नाही. प्रेसच्या फायलीत नाही, साइटवरही नाही. टीप गेली होती.

हायसं वाटायला हवं. उलट अंगावर काटा आला. टीप आपली आपण पुसली जात नाही. वाचल्याशिवाय कुणी पुसत नाही.

"चहा?" त्यांनी विचारलं. एकच कप आणला, माझ्यापुरता. टेबलावर ठेवला तोही डाव्या हाताने. उद्या अकराला मालक निर्णय सांगणार, आणि माझं मरण भाऊंच्या खिशात.

खोटं कशाला लिहू? मी ठरवलंय. उद्या मालक येण्याआधी भाऊंच्या पानातली एकेक ओळ तपासणार. चुका काढणं हे माझं कामच आहे. सापडली तर मालकांपुढे ठेवीन. त्यांच्याकडे माझं काही आहे, तर माझ्याकडे त्यांचं काही तरी हवंच. बावीस वर्षांच्या शेजाराची मला लाज वाटत नाही असं नाही. भीती त्याहून मोठी आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

त्यांच्या पानात सापडलं. साइटवरून त्यांनी काढलेली, ठेवली ती फक्त प्रेसच्या संगणकावरच्या फायलीत. समासातली टीप, महिन्याच्या एक तारखेची — "उजवा हात थरथरतो. टाइप होत नाही, कप धरवत नाही. बाईंना कळू देऊ नये. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

टीप खोडलेली. खोडलेल्या अक्षरांखाली टिंबांची ओळ. पुढे कालची तारीख आणि दोन शब्द — असू द्या.

मालक अकराला येतात. मी खुर्ची ओढून भाऊंच्या शेजारी बसले. म्हटलं, भाऊ, तुम्ही वाचा. मी टाइप करते.