पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक

रविवार, ३ फेब्रुवारी १९७४. सांगली.

आज ब्रेकचे पेडल थेट तळाला गेले! विश्रामबागेच्या वळणावर पुढे उसाने भरलेली बैलगाडी. हातब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा उसाचे शेंडे काचेला टेकलेले होते.

आकाराम — माझे ड्रायव्हर, सैन्याच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले — चाकाशी वाकले. "डाव्या अंगाचं रबर गेलंय, बाई. ऑइल समदं भाईर आलंय." निदान अचूक, हे मान्य करायला हवे.

गॅरेजला मात्र गाडी द्यायची नाही. मागच्या खेपेस तिथून परत आली ती सीटवर काळी बोटे आणि चाकाचा एक नट कमी घेऊन. बेफिकिरी मला सोसत नाही. दुरुस्ती मी स्वतः करीन. आतडे जागच्या जागी बसवता येते, तिथे चाकातले रबर बसवता येऊ नये?

मुदत आहे. सतरा तारखेला साताऱ्याहून आप्पांना आणायचे. वडिलांचे वय त्र्याहत्तर; हर्निया दोन वर्षे धोतराआड लपवला. आता आतडे अडकून बसण्याचे भय आहे. वीस तारखेला माझ्याच दवाखान्यात, माझ्याच हातांनी शस्त्रक्रिया. एस.टी.चे हादरे त्यांना बसू देणार नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी.

कोल्हापूरहून रबरांचे संच आले, चारही चाकांचे. अर्धे काम मला जमत नाही. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक दोनदा वाचले. आकृत्या चांगल्या, भाषा ढिसाळ. 'योग्य व स्वच्छ वंगण लावावे' — कोणते, ते सांगण्याची तसदी लेखकाने घेतलेली नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी.

डॉ. लालासाहेब माझ्या रुग्णांना भूल देतात. आज हात धुताना म्हणाले, "आप्पांचं मिरजेला करू या का? घरच्या माणसावर सुरी चालवताना..." वाक्य पुरे होऊ दिले नाही. माझा हात कधी थरथरलेला पाहिला आहे का, असे विचारले.

"हाताचं नाही म्हणत मी."

मग कशाचे? भूल उत्तम देतात. विचार मात्र अर्धवट सोडण्याची सवय आहे.

रविवार, १० फेब्रुवारी.

सकाळी सातपासून व्हरांड्यात. धुतलेली पांढरी चादर, तीवर हत्यारे वापराच्या क्रमाने. चाक उतरवले, ड्रम काढला. आतल्या स्प्रिंगा आकाराम पक्कडीने उपटायला निघाले होते. मी आर्टरी फोर्सेप्सने, म्हणजे शस्त्रक्रियेत शिरा धरायच्या चिमट्याने, एकेक सोडवली. सिलिंडर अंगठ्याएवढा. आत दोन पिस्टन, आणि तेल अडवणाऱ्या दोन रबराच्या वाट्या. पेडल दाबले की तेल पिस्टनला बाहेर ढकलते, सोडले की पिस्टन मागे येतो. इतके सोपे! जुन्या वाट्यांच्या कडा झिजलेल्या होत्या. सारे भाग स्पिरिटने धुऊन उन्हात वाळवले.

वाद झाला तो वंगणावरून. आकाराम स्वयंपाकघरातून एरंडेलाची बाटली घेऊन आले.

"ह्ये लावा रबराला. पलटणीत आमी ह्येच लावायचो."

"आकाराम, एरंडेल जुलाबासाठी असते."

"व्हय की. आन् रबरालाबी."

मला हसू आले. लिक्विड पॅराफिनची सीलबंद बाटली फोडली. रंग नाही, गंध नाही, औषधी शुद्धतेचे. त्यांनी दोन बोटांवर चोळून पाहिले.

"ह्ये खनिज त्याल दिसतंय. रबराला चालंना, बाई. चार दिस जाऊ द्यात, मग बघा."

"हे मी रुग्णांना पोटात घ्यायला देते. तुमच्या रबरापेक्षा माणसाचे आतडे फार नाजूक असते."

"आतड्याचं मला काय म्हायती? मी रबराचं सांगतोय."

चारही चाकांना पॅराफिनच लावले, सढळ हाताने. शेवटी तेलातली हवा काढली. ते पेडलवर, मी चाकाशी. "दाबा. धरा. सोडा." पाच वाजता चादर घडी केली. तीवर एकही डाग नव्हता.

सोमवार, ११ फेब्रुवारी.

पेडल दोन बोटे खाली जाते आणि तिथेच थांबते. अप्रतिम! लालासाहेबांना घरी सोडताना गरज नसता दोनदा ब्रेक लावून दाखवला.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी.

गाडी ओढत नाही. दवाखान्याशी उतरले तर जळका वास. चारही ड्रम तापलेले. पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झाले. ब्रेक न लावताही लागून राहत आहेत. कोणीतरी चाकांमागचे, ब्रेक घट्ट-सैल करायचे स्क्रू आवळले असणार, आणि गाडी रोज पुसायला एकच माणूस असतो.

दारातच विचारले. रुग्ण बसलेले होते.

"मी हात लावला न्हाई, बाई."

"मग कोणी लावला?"

"तुमीच की. गेल्या ऐतवारी."

हा उद्धटपणा! खोटे बोलणाऱ्याच्या हाती माझी गाडी राहणार नाही, असे स्पष्ट सांगितले. दुपारी रुग्ण तपासून बाहेर आले तेव्हा किल्ली टेबलावर होती, टोपी खुंटीवर नव्हती. नऊ वर्षांची नोकरी. कंपाउंडर म्हणाला, गावी जायला शिराळ्याची एस.टी. धरली.

स्क्रू मी स्वतः सैल केले. चाके फिरू लागली. रविवारी मीच चालवीन.

रविवार, १७ फेब्रुवारी.

गाडी सुरूच झाली नाही. तासभर खटपट. अखेर डिस्ट्रिब्यूटरचे टोपण उघडले. आतला रोटर नाहीसा! सुपारीएवढा तुकडा, पण त्याच्यावाचून ठिणगी पोचत नाही आणि इंजिन मुके राहते. आपोआप तो बाहेर पडत नाही. कोणी काढला, हे सांगायला पंचनामा नको. सूड इतका क्षुद्र असू शकतो!

आप्पांना तार केली. ते पहाटेच अंघोळ उरकून, कोट घालून ओसरीवर बसले असतील.

सोमवार, १८ फेब्रुवारी.

सकाळी ऑपरेशनची तयारी चालू होती. माझ्या परिचारिका लीलाबाई रबरी हातमोजे तपासत होत्या. एक जोड त्यांनी बाजूला टाकला. बोटे फुगलेली, लिबलिबीत.

"पॅराफिन सांडलेल्या ट्रेत कुणी ठेवलं हे? रबर फुगतं एवढंबी कळू नये?" मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमीच न्हाई का आमाला पैल्या दिवशी शिकवलं?"

हो. मीच शिकवले होते. ठाऊक नव्हते असे लिहिण्याची सोयसुद्धा नाही.

दुपारी ड्रम उघडला. वाट्या सुजल्यासारख्या फुगलेल्या, पिस्टन जागीच धरून बसलेले. चिमट्याने ओढून काढावे लागले. स्क्रूंचा काहीही संबंध नव्हता. सैल केल्याने एक दिवसाची सवड मिळाली असती, इतकेच.

काल गाडी सुरू झाली असती तर सातारा आणि परत. तापलेल्या ड्रममध्ये तेल उकळते, आणि मग पेडल दाबून काही होत नाही. मागच्या सीटवर आप्पा. याहून अधिक लिहीत नाही.

बुधवार, २० फेब्रुवारी.

एस.टी.ने शिराळा, तिथून आकारामांच्या वस्तीपर्यंत चालत. त्यांच्या पत्नीने, रंगूबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि आत हाक दिली, "आवं, डाक्टरीणबाई आल्यात!" मग मला म्हणाल्या, "चोरी लावली म्हनं तुमी ह्यास्नी?"

"चोरी नव्हे. खोटेपणा," मी दुरुस्ती केली.

"त्यो काय कमी हाय व्हय?"

आकाराम बाहेर आले. रुमालाची गाठ सोडून रोटर माझ्या हातावर ठेवला. "ह्यो घ्या. आप्पासाब इस्टीनं सांगलीला पोचलं आसतं, की आणून देनारच हुतो."

"मला सांगून का नाही गेलात?"

"सांगिटलं हुतं की. ऐकलं कुटं?"

इस्लामपूरपासून मी एक वाक्य बांधत आणले होते. त्यात कारणे होती, पुस्तकातली त्रुटी होती, दोन पोटवाक्ये होती. तोंडातून तीनच शब्द आले: चूक माझी होती.

आकारामांनी बसायला घोंगडी अंथरली. "आता च्या टाका," त्यांनी रंगूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "टाकते की. पर ह्ये बोलनं दवाखान्याच्या दारात व्हायला पायजे हुतं. तिथं मानसं हुती."

खरे आहे.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी.

दवाखान्याच्या दारात, नऊ वाजता, बाकांवर अकरा रुग्ण असताना तेच तीन शब्द पुन्हा. आकाराम इतके अवघडले की गाडी पुसायला निघून गेले.

रविवार, २४ फेब्रुवारी.

नवे संच. सिलिंडरांसकट तेलाच्या नळ्याही धुतल्या. एरंडेल. रबरे आकारामांनी बसवली. मी हत्यारे हातात देत होते. मागितल्याखेरीज एकही दिले नाही. हवा काढायला मी पेडलवर.

"दाबा. धरा. सोडू नगा, बाई! मी सांगीन तवा."

चादरीवर डाग पडले.

मंगळवार, २६ फेब्रुवारी.

आप्पांना आणले. आकाराम चालवत होते, मी मागे आप्पांशेजारी. कऱ्हाड ओलांडल्यावर आप्पा म्हणाले, "पद्मा, बरं नाही का तुला? पन्नास किलोमीटर झाले, अजून कोणाचीच चूक काढली नाहीस."

गुरुवार, २८ फेब्रुवारी. मिरज.

आठ वाजून दहा मिनिटांनी आप्पांना आत नेले. भूल लालासाहेब देत आहेत. सुरी दुसऱ्याच्या हाती. मीच तशी विनंती केली. बाहेरच्या बाकावर बसून हे लिहीत आहे, इतर नातेवाइकांबरोबर.