तानुबाईच्या चार माळा

धामणगाव बढे,
ता. १० नोव्हेंबर १९६८

चि. केसरला ताईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नर्स झाल्यापासून तू तब्येतीचे प्रश्न नंबर घालून विचारतेस. चौथीच्या पोरांना मीसुद्धा इतके प्रश्न घालत नाही! तर घे उत्तर. सांधे बरे आहेत, गालांवरचे चट्टे फिके आहेत. तुझ्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या आजाराचं नाव ल्युपस, म्हणजे लांडगा, असं सांगितलं होतं ना, तो लांडगा सध्या निजलाय. पण आठ दिवसांपासून माझे डोळे पिवळे आहेत. अन्नाचा वास नको वाटतो. कावीळ आहे, हे शेंबडं पोरही सांगेल.

सासूबाईंनी काविळीवर उतारा देणाऱ्या तानुबाईकडून काड्यांची माळ आणली. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते म्हणतात. आणि खरंच, काल गळ्याशी होती, आज छातीवर आलीय! मला मोठी गंमत वाटते, वाळलेल्या काडीला कसं बरं कळत असेल? पथ्य मात्र कडक आहे. तेल नाही, हळद नाही आणि दवाखान्याच्या गोळ्या नाहीत. त्या उष्ण पडतात म्हणे. म्हणून लांडग्याला निजवणाऱ्या तुझ्या गोळ्यांना चार दिवस सुट्टी दिलीय. तुझे भाऊजी त्यावरून रुसून बसलेत.

लोभ आहेच, रागावून तो कमी करू नकोस.
तुझी ताई,
जनका


नागपूर,
ता. १४ नोव्हेंबर १९६८

ती. ताईस सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ताई, हे पत्र हातात पडेल त्या मिनिटाला गोळ्या सुरू कर. दोन वर्षं शरीराला त्यांची सवय आहे, त्या एकदम तोडल्या तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो. माळ गळ्यात राहू दे हवी तर, माझं काही म्हणणं नाही.

मोठ्या डॉक्टरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. लांडग्याचं ऐकून हसले. म्हणाले, की ही कावीळ दोन तऱ्हांची असू शकते. एक, तुझा आजारच यकृतावर उलटला असेल. तसं असेल तर गोळ्या वाढवायच्या. दुसरी, बाहेरून विषाणू शिरला असेल. तेव्हा वाढवलेल्या गोळ्या घात करतात, कारण त्या अंगाची लढायची ताकद कमी करतात. इथून त्यांना कळेना. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. गावात आणखी कोणाला कावीळ झालीय का? आणि गेल्या पाचसहा महिन्यांत तू कुठं सुई घेतलीस का? मी ठामपणे नाही म्हणून सांगितलं. खरं ना ताई?

उत्तर लगेच टाक. माझा जीव तुझ्यापाशी आहे.
तुझी,
केसर


धामणगाव बढे,
ता. १९ नोव्हेंबर १९६८

चि. केसरला अनेक आशीर्वाद. वि. वि.

गोळ्या सुरू केल्या. भाऊजींनी समोर बसून गिळायला लावल्या.

आता माझा उद्योग ऐक. मी तानुबाईकडून दुसरी माळ मागून आणली आणि शाळेच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली. चार दिवसांत खिळ्याची माळ माझ्यापेक्षा बोटभर जास्त लांबली! खिळ्याला तर कावीळ नव्हती. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, बस्स. मला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली, कारण डोळे होते तसेच पिवळे होते.

तरी गेले तानुबाईकडेच. कावीळ झालेला माणूस डॉक्टरकडे जाईल न जाईल, तिच्याकडे जातोच. विचारलं, की यंदा आपल्या गावात किती माळा दिल्यास. माझी दुसरी सोडून तिने चार सांगितल्या. पुंजाजी, दयारामची बायको, सरस्वतीबाई आणि मी. सरस्वतीबाईची माळ गुडघ्यापर्यंत आली म्हणून घरच्यांनी गूळ वाटला, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तानुबाई सांगत होती, की मले वाटलं उतरली, पण ते तर आतून वाढूनच राह्यली होती.

ही नावं ऐकून मला एक रांग आठवली. केसर, मी तुझ्यापासून एक लपवलं. श्रावणात बाजाराच्या दिवशी एक जण ताकदीच्या सुया टोचायला बसला होता. वर्गात उभं राहवत नव्हतं म्हणून मीही टोचून घेतली. तू रागावशील म्हणून कळवलं नाही. त्या रांगेत माझ्यापुढे हे तिघंच होते. सुई एकच होती, तो ती नुसती फडक्याला पुसत होता.

डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांग. मला अजून खूप काही बघायचं आहे गं. गुरुवारी आम्ही दोघं मलकापूरहून गाडी धरतो. स्टेशनावर ये, आणि बोलायचं ते तिथंच बोल.

चूक पोटात घाल, माया तेवढी राहू दे.
ताई


धामणगाव बढे,
ता. १६ फेब्रुवारी १९६९

चि. केसरला अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. पावणेतीन महिने तुझ्या वॉर्डात पडून होते, पण वर्ग मला विसरला नाही. एका पोरीने पाटीवर माझं चित्र काढलं आणि डोळे खडूने पांढरेशुभ्र रंगवले. गोळ्या तेवढ्याच चालू आहेत, कावीळ त्या सुईचीच निघाली म्हणून डॉक्टरांनी एकही वाढवली नाही, हे सगळ्यांना सांगते. पुंजाजी आणि दयारामची बायको दोघंही उठून कामाला लागली आहेत. सरस्वतीबाईच्या घरावरून जाताना मात्र पाय जड होतात.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. काल दुपारी तानुबाई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, खिळ्याच्या माळेवरून भांडायला आली. गावभर झालंय ते माझ्या तोंडाने. पण तिच्यामागे तिची सून होती. सहावा महिना चालू, आणि डोळे हळदीसारखे. गळा मोकळा होता. मी विचारलं, की माळ का नाही घातली. तर म्हातारी खाली बघून म्हणाली, की माह्या हातची माळ हिले नको, तुह्या बहिणीकडे कोणती गाडी जाते ते सांग.

उद्याच्या गाडीने दोघींना बसवून देते. तानुबाईने आयुष्यात रेल्वे पाहिलेली नाही. माझ्यावर आजवर जेवढा जीव लावलास, तेवढा आता त्या दोघींना लाव.

तुझीच,
ताई