चादरीचं दुसरं टोक

बाबा,

धाकटीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला थांबला का? तुम्ही गुडघ्याला तेल लावता, की बाटली नुसती उशाशी ठेवता?

ऑनलाइन कॉलेजबद्दल तुम्ही लिहिलंत, "नोकरी सांभाळून कसलं शिकतेस? एक ना धड, भाराभर चिंध्या." खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. कामावरून आले की माझे डोळे मिटतात आणि सर एकटेच बोलत राहतात.

इथे हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरीची घडी दोघींनी मिळून घालावी लागते. समोरचं टोक धरणाऱ्या मावशी रोज विचारतात, "काल काय शिकवलं?" मग घड्या घालता घालता मी त्यांना मागणी-पुरवठा समजावते. जिथे अडखळते, ते मलाच कळलेलं नसतं. ते घरी जाऊन पुन्हा ऐकते.

मागच्या आठवड्यात एकदा तास चालू असतानाच झोपले. दुसऱ्या दिवशी मावशींना म्हटलं, "आज सांगायला काही नाही. सोडूनच देते आता."

घडी जुळवायला एरवी त्या पुढे येतात. त्या दिवशी टोक धरून जागच्या हलेनात.

"म्हणजे आता नुसत्या चादरीच?"

काल पुढच्या सत्राचा प्रवेश पक्का केला. रागवायचं असेल, तर आधी गुडघ्याला तेल लावून घ्या.

तुमची,
धाकटी