न्यू अन्नछायाची तीन पातेली

खराडी, पुणे
२ फेब्रुवारी २००८

ती. आनंदीवन्सं यांस,

पद्मजाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण त्या आठ अंगांपैकी गुडघे सध्या संपावर आहेत, तेव्हा उरलेल्या अंगांचा गोड मानून घ्यावा. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं कळलं. कानांचं विचारत नाही, कारण परवा फोनवर मी दहा मिनिटं ओरडले आणि शेवटी तुम्ही 'बरं, ठेवते' म्हणालात. म्हणून हे पत्र. अंगणातला कढीलिंब, मागच्या दारची विहीर आणि भोरच्या चौकातली ती बेकरी (जिथून माझ्यासाठी तुम्ही दर खेपेला आठवणीने ब्रेड आणवता, ती) सगळं क्षेम असेलच.

इकडे मी सहा किलोंच्या मागे लागले आहे. हाडांचे डॉक्टर आमच्या अभिनवच्या वयाचे आहेत. मला आजी म्हणतात. (टेलिफोन खात्यात तीस वर्षं ट्रंक बोर्ड सांभाळलेल्या बाईला आजी म्हणायला पूर्वी माणसं दोनदा विचार करत.) ते म्हणाले, आजी, आधी सहा किलो उतरवा, मग सांधा बदलू. तारीख पंचवीस फेब्रुवारी. त्या दिवशी काटा मनासारखा नसेल तर पुढची तारीख वर्षाने, कारण मधे ते परदेशी शिकायला जाणार. दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं तर ते दहा किलो सांगतात. मला नव्या गुडघ्याने हिमालय चढायचा नाही. मला ओट्यापाशी वीस मिनिटं उभं राहायचं आहे, स्वतःच्या वरणाला स्वतः फोडणी घालण्यापुरतं. एवढीच मागणी आहे आणि तिच्या आड सहा किलो उभे आहेत.

ओट्याचं म्हणाल, तर आमच्या घरी ओटा आहे. त्यावर दोन लॅपटॉपचे चार्जर आणि कोरफडीची एक कुंडी असते. स्वयंपाकाच्या दुर्गाबाई दिवाळीत गेल्या त्या समोरच्या टॉवरमध्ये लागल्या. अकराव्या मजल्यावरून मला दिसतात, पोळ्या लाटता लाटता हातही करतात. अभिनव आणि नम्रता सकाळी आठला आयटी पार्कात जातात, परत येतात तेव्हा अमेरिकेची सकाळ झालेली असते आणि मग ती दोघं अमेरिकेशी बोलतात. सून चांगली आहे (हे तुम्हाला लिहिते आहे, तिला कळवू नये). पण जेवणाचं विचारलं की फ्रिजकडे बोट दाखवते. फ्रिजच्या आत नव्हे, दारावर. तिथे चुंबकाखाली 'न्यू अन्नछाया प्युअर व्हेज, घरपोच सेवा' यांचं पत्रक आहे. (जुनी अन्नछाया कुठे होती हे कोणालाच सांगता येत नाही.) मी तिला सहा किलोंचं सांगितलं, तर म्हणाली, "आई, मग त्यातलं काहीतरी लाइट मागवत जा ना."

त्यातलं. वन्सं, त्यात एकशेबारा पदार्थ आहेत. मी चष्मा लावून, लाल पेन घेऊन बसले. पहिला तास स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करण्यात गेला, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऑगस्टांनी लावलेली सवय मरेपर्यंत सुटायची नाही. दुसऱ्या तासात मी हलके पदार्थ निवडले. पालक पनीर आधी, कारण पालकात काय असणार. तो आला तेव्हा वर सायीची रांगोळी काढलेली होती आणि चमचा उभा राहत होता. सिस्टर ऑगस्टांची दुसरी सवय म्हणजे ताटात टाकायचं नाही (आपल्याकडेही तेच, त्यामुळे मला पळवाट अशी कुठल्याच धर्मात नाही), तेव्हा दोन माणसांचा पालक मी एकटीने संपवला.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. जिने आयुष्यभर लोकांना 'होल्ड करा' म्हटलं, तिला न्यू अन्नछायाने सहा मिनिटं होल्डवर ठेवलं, मागे सनई. मग एक गृहस्थ आले. मी विचारलं, सगळ्यात कमी तेल कशात असतं? ते म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे तेल कमी पडणार नाही, ती गॅरंटी." मी म्हटलं, दाल तडका द्या, पण वरचा तडका नको. ते म्हणाले, "मग ती दाल फ्राय होते." मी म्हटलं, फ्राय नकोच आहे. ते अगदी काकुळतीने म्हणाले, "मॅडम, मग तिला नावच राहत नाही. बिल कशाचं करू?" शेवटी मी तंदुरी रोटी सांगितली, लोण्याशिवाय. रोट्या कोरड्या आल्या, दिलेला शब्द पाळला होता. लोणी वेगळ्या पुडीत होतं, गिऱ्हाइकाचं मन बदललं तर असावं म्हणून. ते बदललं.

यानंतर मी जी चूक केली ती लिहायला हात धजत नाही, पण तुमच्यापासून लपवून काय उपयोग. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं, 'जैन पद्धतीनेही मिळेल.' माझ्या डोक्यात उजेड पडला. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, म्हणजे सात्त्विक. आणि सात्त्विक म्हणजे हलकं. आपल्या घरांत हा हिशेब कोणी तपासून पाहत नाही, आपण चातुर्मासभर त्याच्यावरच जगतो. मी बारा दिवस जैन पनीर, जैन कोफ्ता, जैन कुर्मा मागवला आणि मनातून इतकी शुद्ध झाले होते की नम्रताशीसुद्धा गोड बोलत होते. तेराव्या दिवशी काट्यावर उभी राहिले. एक किलो दोनशे ग्रॅम जास्त. मी काटा बदलून आणायला सांगितला. अभिनव म्हणाला, "आई, काटा बरोबर आहे." हे असते तर काहीच बोलले नसते, नुसते पेपराआड गेले असते. तो मोठेपणा मुलात उतरलेला नाही.

तेव्हा मी ठरवलं की आता प्रत्यक्ष तपासणी. खात्यात असताना लाइनमध्ये बिघाड झाला तर मी फोनवर वाद घालत नसे, स्वतः जाऊन बघत असे. रिक्षा केली, दुपारी साडेतीनला न्यू अन्नछायाच्या मागच्या दाराशी उतरले आणि गुडघ्याला दोन शब्द सुनावून आत गेले. मुख्य आचारी मच्छिंद्र म्हणून आहे, मूळचा परभणीकडचा, चाळिशीचा, सज्जन. मी त्याच्यापुढे पत्रक धरलं (लाल दुरुस्त्यांसकट) आणि म्हटलं, या एकशेबारांतलं सगळ्यात हलकं काय ते मला दाखव. त्याने पत्रक उलटसुलट पाहिलं, पदराला हात पुसावेत तसे ते खांद्यावरच्या फडक्याला पुसले आणि मला शेगडीपाशी नेलं. तिथे तीन पातेली होती. एक लाल, एक पांढरं, एक पिवळं. "मावशी," तो म्हणाला, "नावं एकशेबारा हायेत. पातेली तीन." जो पदार्थ मागाल त्याच्या नावाने त्यांतल्या एकात डाव बुडतो, वर पनीर नाहीतर मटार पडतो. मग जैन कुठल्या पातेल्यातला? "पांढऱ्यातला. कांदा न्हाई म्हणल्यावर दाटपणा कशानं यावा? काजू. आन् काजू बी कमी पडला तर साय."

मी जवळच्या पालथ्या क्रेटवर बसले. काजू आणि साय, बारा दिवस, व्रतासारखे.

तेवढ्यात त्यांची स्वतःची जेवणं निघाली. पाच-सहा माणसं भिंतीशी बसली. कुठल्याही पातेल्याला कोणी हात लावला नाही. कोपऱ्यातल्या वेगळ्या टोपातून मुगाची डाळ घातलेली शेपूची भाजी आली, फोडलेला कांदा आला आणि ज्वारीच्या पिठाचा तो गोल, चपटा पदार्थ आला (नाव तुम्हाला ठाऊक आहे). मी विचारलं, तुम्ही यांतलं काही खात नाही? मच्छिंद्र म्हणाला, "ते गिऱ्हाइकाचं हाय, मावशी. आपल्याला परत उठून काम करायचं असतंय."

मी म्हटलं, मला हेच पार्सल पाहिजे, रोज. तो म्हणाला, हे मेनूत न्हाई. मी म्हटलं, बाबा, म्हणूनच. त्याने मला एक ताट तिथेच वाढलं. मी ते संपवलं. याहून जास्त काही विचारू नये.

तेव्हापासून सात आठवडे रोज दुपारी चारला माझा डबा येतो. बिलावर 'दाल खिचडी' असतं, कारण बिलाला नाव लागतं. आजच्या काट्याप्रमाणे जैन किलो फेडून वर साडेचार किलो उतरले, दीड राहिले, आणि हातात तेवीस दिवस आहेत. म्हणजे काळजीचं काहीही कारण नाही. कशाचीही गरज नाही. सगळं उत्तम चाललं आहे, तुम्हाला नुसतं कळवावं म्हणून लिहिलं. डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा.

आपली भावजय,
पद्मजा

ता. क. मच्छिंद्र काल बहिणीच्या लग्नाला गावी गेला, महिनाअखेरीपर्यंत येत नाही. बदली आचारी आहे तो स्टाफला छोले करतो. लाल पातेल्यातून.

ता. क. दुसरा. मी स्वतः तो पदार्थ करून पाहिला, खुर्चीवर बसून. चार फुटले, पाचवा तव्यापर्यंत गेलाच नाही, परातीतच राहिला. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला स्पंज केक आणि क्रोशे शिकवला होता.

ता. क. तिसरा, आणि हा जरा उजेडात बसून वाचावा. लग्नानंतर मी पहिल्यांदा भोरला आले, त्याला यंदा चौतीस वर्षं झाली. तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी थापत होतात आणि मी ह्यांच्या कानात इंग्रजीत म्हणाले, की आमच्याकडे हे गुरांना घालतात. तुम्हाला कळलं नाही असं मी धरून चालले. त्या रात्रीपासून तुमच्या घरी सगळ्यांच्या ताटात भाकरी आणि माझ्या ताटात बेकरीचा ब्रेड. मी त्याला मान समजत होते. तुम्ही मॅट्रिकला इंग्रजीत शाळेत पहिल्या आला होतात, हे ह्यांनी मला सांगितलं ते आमच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवशी. त्यानंतरची चौदा वर्षं मी तो ब्रेड समजून-उमजून खाल्ला आणि तुम्हीही समजून-उमजून वाढलात.

तर पंचवीस तारखेपर्यंत तुम्ही इकडे याल का? ओट्यावरचे चार्जर मी काढून ठेवले आहेत. तुमची काटवट आणि तवा आणावा, इथे मिळतात ते नॉनस्टिक. तुम्ही थापा, मी खुर्चीवर बसून पिठात पाणी घालत जाईन, तेवढं मला जमतं. स्वारगेटला अभिनव गाडी घेऊन उभा राहील.

येताना ब्रेड आणू नये.